पिवळ्या ठिपक्याचा रेग्युलेटर

बायका नवऱ्याच्या मैत्रिणींवर जळतात म्हणे. मी नवऱ्याच्या मित्रावर जळले, आणि तेही चांगली दोन-अडीच वर्षं, न थकता. मित्र दिसायला बेताचा, बोलायला गोड, माझ्या चहाचं तोंडभर कौतुक करणारा. त्याच्यात नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यामुळे तर तो माझ्या डोळ्यांत जास्तच खुपायचा. तो माझ्या नवऱ्याशी माझ्या विषयावर बोलायचा आणि नवरा ऐकायचा. बाकी त्याचा गुन्हा काही नाही.

माझा विषय म्हणजे गाडीतल्या पेट्रोलचा दाब. हसू नका. लोकांचे विषय संगीत असतात, बागकाम असतं. माझा हा होता आणि माझं पोट त्यावर चालत होतं. नवरा आणि मी कॉलेजात एकाच वर्गात, दोघंही मेकॅनिकलचे. मशिन डिझाइन त्याच्या डोक्यात मीच घातलं. कँटीनच्या टेबलावर खडूने आकृत्या काढून मी समजावायचे आणि तो हनुवटीवर मूठ टेकून ऐकायचा. त्याच्या त्या ऐकण्यावरच मी भाळले, हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. तिच्या मते मुलात आणखी काहीतरी असणार.

पुढे देश उघडला, नव्या गाड्या रस्त्यावर आल्या, कार्बोरेटर मागे पडून पेट्रोल इंजिनात फवारणारं इंजेक्शन आलं आणि भोसरीच्या एका कारखान्यात मला टेस्टिंगला नोकरी लागली. नवराही आधी तिथेच जवळ एका वर्कशॉपमध्ये होता. मग सॉफ्टवेअरची लाट आली. आमच्या वर्गातले निम्मे मेकॅनिकलवाले ऑइलचे हात धुऊन काचेच्या इमारतींत जाऊन बसले, त्यात हाही गेला. मी राहिले. मला बेंचवर काटा हलताना बघायला आवडायचं.

त्या बेंचवर मी प्रेशर रेग्युलेटर तपासायचे. वस्तू लिंबापेक्षा थोडी मोठी, पत्र्याची, दिसायला अगदी निर्बुद्ध. टाकीतला पंप इंजिनाला लागतं त्यापेक्षा कायम जास्त पेट्रोल पाठवत असतो. पंगतीत आग्रह करत सुटलेल्या काकूसारखा, समोरच्याचं पोट भरलं का हे तो बघत नाही. रेग्युलेटर म्हणजे ताटावर आडवा धरलेला हात. आत एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पेट्रोलचा जोर स्प्रिंगला भारी पडला की पडदा मागे सरकतो, झडप उघडते आणि जास्तीचं पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जातं.

खरी गंमत आहे ती स्प्रिंगच्या बाजूला लावलेल्या बारीक रबरी नळीत. ती इंजिन जिथून हवा ओढतं त्या भागाला जोडलेली असते. गाडी जागच्या जागी घुरघुरत असते तेव्हा तिथे ओढ जास्त असते आणि त्या ओढीने इंजेक्टरमधून पेट्रोलही जास्त खेचलं जाईल. म्हणून तीच ओढ नळीतून पडद्यावर येते आणि पेट्रोलचा दाब थोडा उतरवते. तुम्ही पाय दाबलात की ओढ संपते आणि दाब परत चढतो. इंजेक्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबाचा जो फरक आहे तो कायम सारखा राहतो. इतक्या साध्या वस्तूत इतकी समज बघून मला आजही भरून येतं.

पास झालेल्या नगावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायची आमच्याकडे पद्धत होती. रंग सगळ्यांचा एकच, पण ठिपक्याची जागा ज्याची त्याची. नग कुठूनही परत आला की कोणाच्या हातून गेला हे लगेच कळावं, म्हणून. माझी जागा ती बारीक नळी बसते त्या टोकाच्या बरोबर खाली होती.

आम्ही गाडी घेतली ती सेकंडहँड. लोक अशा वेळी सीट बघतात, टायरला लाथ मारून बघतात. मी आधी बॉनेट उघडायला लावलं आणि वाकून बघितलं, तर नळीच्या टोकाच्या बरोबर खाली पिवळा ठिपका. माझा! मी नवऱ्याला ओढून जवळ घेतलं आणि बोट दाखवलं. त्याला काही क्षण कळेना. मग तो एवढा मोठ्याने हसला की गाडी विकणारे गृहस्थ घाबरले. "हा तर आपला!" तो म्हणाला. पुढे महिनाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो बॉनेट उघडून दाखवत होता. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत गाड्या बऱ्याच होत्या. बायकोने पास केलेला रेग्युलेटर असलेली एकच होती. मला तेव्हा वाटलं, आता आयुष्यात आणखी काय पाहिजे.

मग मित्र आला.

तो नवऱ्याच्या ऑफिसातला, अमेरिकेत काही काळ राहून परत आलेला. तिकडे त्याला गाड्यांचं वेड लागलं होतं. गाडी मुळात असते ती फक्त सुरुवात, मग तिच्यात सुधारणा करायच्या असतात, असं त्याचं मत. इंजिन, एक्झॉस्ट, एअर फिल्टर, जे बदलता येईल ते बदलायचं. दर रविवारी सकाळी तो आमच्या पार्किंगमध्ये हजर. बॉनेट वर, दोघांची डोकी आत. मी वरून चहा घेऊन जायचे, ट्रेमध्ये दोन कप. माझा चहा वर ओट्यावर झाकून ठेवलेला असायचा. खाली उभं राहून कोणी मला चहा घे म्हणेल अशी ती बैठकच नव्हती. परत येईपर्यंत त्यावर साय धरायची.

एका रविवारी मी ट्रे घेऊन पोचले तर मित्र सांगत होता, "अरे, बेस प्रेशर वाढवलं ना, की थ्रॉटल रिस्पॉन्स एकदम शार्प होतो, पाय दाबला की गाडी उसळते. स्टॉक रेग्युलेटर म्हणजे कंपनीने सेफ साइडला ठेवलेला असतो."

आणि माझा नवरा हनुवटीवर मूठ टेकून ऐकत होता.

ती मूठ बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती कँटीनमधली मूठ होती. ती माझी होती. मी संध्याकाळी घरी येऊन आज बेंचवर काय झालं हे सांगायला लागले की हल्ली तो "हं, हं" करत टीव्हीचा आवाज तेवढा कमी करायचा, आणि इथे माझाच विषय, तोही अर्धा कच्चा, दुसऱ्याच्या तोंडून तो प्रवचनासारखा ऐकत होता. हेवा हा शब्द फार सभ्य आहे. माझं पोट दुखत होतं.

"वाढवून उपयोग नाही," मी म्हणाले. "मुळातल्या इंजिनाला तेवढं पेट्रोल नकोच असतं."

"अगं, तुमचं प्रॉडक्शनचं असतं," नवरा म्हणाला. "हे परफॉर्मन्सचं आहे."

मी रिकामे कप घेऊन वर आले.

पुढच्या वेळी मित्र तिकडे कामासाठी जाऊन आला तो निळा रेग्युलेटर घेऊन. दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा चकचकीत निळा, वर दाब कमीजास्त करायला स्क्रू आणि बाजूला काट्याचा गोल मीटर. काही म्हणा, वस्तू देखणी होती. माझ्या पत्र्याच्या डबीशेजारी ठेवल्यावर आमच्याकडची एखादी सरळमार्गी थोरली सून आणि नुकती लग्न होऊन आलेली धाकटी, असं दिसत होतं. नवऱ्याने तो हातात घेऊन असा फिरवला, की मी मान वळवली.

त्यांनी सकाळभर खटपट करून तो बसवला. मी चहा घेऊन गेले तेव्हा इंजिन चालू होतं आणि मित्र स्क्रू फिरवत काटा तीनवर आणत होता, कारण गाडीच्या पुस्तकात तीन लिहिलेलं. रबरी नळी लावलेलीच होती.

आता हे बघून माझ्यासारख्या बाईने गप्प बसायचं म्हणजे छळ. पुस्तकातला तीन हा आकडा नळी काढून मोजायचा असतो. नळी लावलेली असली की ओढीमुळे काटा मुळातच खाली उतरतो. तो ओढून तीनवर आणला की खरा दाब तीनच्या बराच वर जाऊन बसतो. कागदावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळला की काम झालं, असं वाटणं हे फक्त सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरांनाच जमावं.

"नळी काढून, तिचं तोंड बंद करून, मग दाब लावायचा असतो," मी ट्रे पुढे करत म्हणाले.

मित्राने कप घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "वहिनी," तो म्हणाला, "चहा एक नंबर झालाय."

नवरा मीटरकडे बघत होता. त्याने एका हाताने कप घेतला आणि दुसऱ्या हाताने जुना रेग्युलेटर माझ्या ट्रेमध्ये ठेवला. "हा भंगारात टाकशील का गं?"

नळीच्या टोकाखाली पिवळा ठिपका तसाच होता, जरा मळलेला. त्याने तो बघितलासुद्धा नाही. तो ज्याला त्याला "हा आपला" म्हणून दाखवत होता ते त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. बोलले असते तर रडले असते, आणि त्या मित्रासमोर रडण्यापेक्षा मी कप खाली आपटले असते.

मी तो भंगारात टाकला नाही. कारखान्यात नेला, जेवणाच्या सुट्टीत बेंचवर लावला आणि पंप चालू केला. काटा जिथे थांबायला हवा तिथे थांबला, नळीतून ओढ दिली तशी तेवढाच खाली आला, ओढ सोडली की परत वर. वर्षानुवर्षं धूळ, ऊन, चांदणी चौकातली गर्दी सगळं खाऊनही पडदा शाबूत. मी तो फडक्यात गुंडाळून माझ्या डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवला आणि तिथेच राहू दिला.

इकडे घरी निळ्याचं कौतुक चालू झालं. नवरा मला मुद्दाम कात्रजच्या घाटात घेऊन गेला. "जाणवतंय ना?" त्याने विचारलं.

"जाणवतंय," मी म्हणाले. "वास येतोय."

मागून काळा धूर निघत होता तो आरशात मला दिसत होता, त्याला दिसत नव्हता. सांगायला गेलं तर गोष्ट साधी आहे. दाब वाढवला की इंजेक्टरमधून जास्त पेट्रोल पडतं. पण धूर बाहेर जातो त्या एक्झॉस्टमध्ये सेन्सर बसलेला असतो. पेट्रोल जास्त होतंय असं त्याने कळवलं की गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ कमी करतो. तुम्ही एका हाताने वाढवायचं आणि त्याने दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. वाढ थोडी असेल तर तो सांभाळून घेतो, फार झाली की त्याच्याही हाताबाहेर जातं. आणि पाय पूर्ण दाबलात तर तो सेन्सरचं ऐकतच नाही, तेव्हा सगळं जास्तीचं पेट्रोल आत आणि धूर मागे. ताकद वाढत नाही. प्लग मात्र काजळतात. नवऱ्याचा धंदा कॉम्प्युटरचा, आणि त्याच्याच गाडीतला कॉम्प्युटर दिवसभर त्याचं केलेलं निस्तरत होता, हे त्याला कळत नव्हतं.

हे सगळंच थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. इंजिनाला टर्बो बसवलात, मोठे इंजेक्टर घातलेत, पंप दांडगा केलात आणि कॉम्प्युटरचा हिशेब नव्याने मांडून घेतलात, तर स्क्रूवाला रेग्युलेटर लागतोच. मुळातला बिघडला असेल तर नवा घालायलाच हवा, पण तसाच. कर्वेनगर ते हिंजवडी जायचं, यायचं, आणि रविवारी आईकडे, एवढ्यासाठी त्या निळ्या ठोकळ्याचा उपयोग शोभेपुरता. हे मी नवऱ्याला सांगितलं का? सांगितलं. जेवताना सांगितलं, भाजी निवडताना सांगितलं. तो म्हणाला, त्याला विचारून बघतो.

त्याला!

मित्रालाही उत्तर येईना, तेव्हा दोघांनी इंटरनेटवर गाडीवेड्यांच्या कुठल्या मंडळात पेट्रोलचा वास का येतो असा प्रश्न टाकला. तेव्हा फोनची लाइन अडवून, मोडेम केकाटत, ते इंटरनेट घरात यायचं. एका संध्याकाळी नवरा कॉम्प्युटरवरून ओरडला, "अगं, इकडे ये, उत्तर आलं!" आणि त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं: आधी नळी काढा, तिचं तोंड बंद करा, मग दाब लावा; नळी लावून तीन दाखवत असेल तर खरा दाब जास्त आहे.

"काय माणूस आहे बघ," तो म्हणाला. "कॅनडात बसून त्याला कळलं!"

"मला पार्किंगमध्ये उभं राहून कळलं होतं."

"तू कधी म्हणालीस?"

"चहा देताना."

तो क्षणभर आठवत राहिला. "तेव्हा आम्ही गडबडीत होतो गं," तो म्हणाला आणि त्या माणसाला आभाराचं उत्तर टाइप करायला लागला, चांगलं चार ओळींचं. मी त्या न पाहिलेल्या कॅनडावाल्यावर जळत स्वयंपाकघरात गेले. मित्रावर जळत होते तोवर निदान समोर माणूस तरी होता.

पुढच्या रविवारी दाब नीट लावला गेला. म्हणजे अमेरिकेहून आलेला निळा रेग्युलेटर भोसरीच्या डबीचं काम, जवळजवळ तितकंच बरं, करू लागला. सुधारणा पूर्ण झाली.

काही महिन्यांनी गाडी पुन्हा बिघडली. गरम असताना चालू व्हायला कुरकुर करायची, चालू झाली की काळा धूर सोडायची. दाब बरोबर, काटा बरोबर. मित्राला तोवर अमेरिकेत कायमची नोकरी लागली होती. जायच्या आधीच्या रविवारी तो शेवटची मदत म्हणून आला. इंजेक्टर बदलू, मोठे घालू, मी तिकडून पाठवतो, असं त्याचं चाललेलं मला वरून गॅलरीत ऐकू येत होतं. नवरा माना डोलावत होता. आता हा सातासमुद्रापार जाणार आणि तिकडून रेग्युलेटर, इंजेक्टर, उपदेश सगळं कुरिअरने पाठवत राहणार, आणि माझा नवरा आयुष्यभर मूठ टेकून पार्सलांची वाट बघणार, हे मला अगदी स्पष्ट दिसलं.

त्या दिवशी मी चहा केला नाही. आधण ठेवलं होतं, ते तसंच सोडून गॅस बंद केला, डब्याची पिशवी उचलली आणि खाली गेले.

"वहिनी, आज चहा..." मित्र म्हणाला.

मी दोघांच्या मधून हात घातला आणि निळ्या रेग्युलेटरवरची बारीक नळी ओढून काढली. तिचं टोक तळहातावर धरलं. पेट्रोलचे थेंब पडले, टपटप. तिथे फक्त हवा असायला हवी होती.

"पडदा फाटलाय," मी म्हणाले. "पेट्रोल या नळीतून सरळ इंजिनात जातंय."

दोघंही माझ्या तळहातावर वाकले. मित्र म्हणाला, "ओह." हा एवढा एकच शब्द मला त्याच्याकडून अडीच वर्षांत आवडला. मग तो सावरला. "नो प्रॉब्लेम, मी दुसरा पाठवतो. याच्या वरचं मॉडेल आलंय."

मी पिशवीतून फडकं काढलं आणि सोडलं. जुना रेग्युलेटर आणि तो बसवायला नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानातून आणलेली नवी रबरी रिंग बॉनेटच्या कडेवर ठेवली. नवरा वाकला. त्याने रेग्युलेटर उचलला, फिरवला, आणि अंगठ्याने नळीच्या टोकाखालची धूळ पुसली. पिवळा ठिपका दिसला तसा त्याचा चेहरा हळूहळू उतरला. भंगारात टाक म्हणताना काय दिलं होतं हे त्याला आत्ता कळत होतं.

"हा तर..." तो म्हणाला.

मित्र काहीतरी सांगत होता, मॉडेलचा नंबर वगैरे. नवऱ्याने त्याला हाताने थांबवलं. माझ्याकडे वळला. हनुवटीवर मूठ नव्हती, हात पेट्रोलने भरलेले होते, पण नजर तीच, कँटीनमधली.

"आधी काय काढायचं?" त्याने मला विचारलं.

किती दिवस हा प्रश्न कानांवर पडायची मी वाट बघत होते. आणि विचारल्या विचारल्या उत्तर देण्याइतकी मी भोळी नाही.

"चहा घेऊन ये," मी म्हणाले. "आधण वर ठेवलंय. मग सांगते."

तो खरंच गेला. तोवर मी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू दिलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मित्र पाना हातात घेऊन बाजूला उभा होता. मी हात पुढे केला, त्याने निमूटपणे पाना दिला.

नवरा ट्रे घेऊन जिन्यावरून उतरला, फार सांभाळून, चहा न सांडता. ट्रेमध्ये दोन कप होते. पार्किंगमध्ये दोनच कप जातात, त्याने कायम तेच बघितलं होतं. जवळ येऊन तो थबकला. एकदा मित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग ट्रेकडे.

मी त्याला विचार करायला वेळ दिला नाही. तसाच काळा हात पुढे करून एक कप उचलला. दुसरा मी मित्राला दिला. काही झालं तरी तो पाहुणा होता, आणि जाणार होता.

नवरा रिकामा ट्रे धरून उभा राहिला. "आणि माझा?"

"वर ओट्यावर असेल," मी म्हणाले. "साय धरली असेल त्याच्यावर."